तांबडे भुंगे मी मोजले नाहीत

बिडकीनच्या अलीकडं, औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक शेड, दोन करवती, एक भट्टी आणि जिकडंतिकडं लाकूड. इथल्या कंपन्यांची यंत्रं परदेशात जातात, त्यांना लाकडी पेट्या लागतात, त्या आम्ही करतो. लाकूड भट्टीत घालून पार गाभ्यापर्यंत तापवायचं म्हणजे आतली कीड मरते. मग पेटीवर शिक्का मारायचा. शिक्का नसला तर पेटी बंदरातून परत येते. शिक्का असून आत जिवंत कीड निघाली तर शिक्का मारायची परवानगीच जाते, म्हणजे कारखान्यालाच कुलूप. हे मला मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून त्या शिक्क्याची मला भीती वाटत आली आहे.

मामा म्हणजे आमचे सुपरवायझर. भट्टी त्यांच्या ताब्यात. कारखान्यातले सगळे त्यांना मामाच म्हणतात, शेठसुद्धा.

मी गडचिरोलीच्या पार टोकाची. आठवीची शाळा नदीपलीकडं होती आणि पावसाळ्यात नाव बंद असायची, म्हणून सातवीवरच माझं शिक्षण थांबलं. नवऱ्याला इकडं काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. पहिले काही महिने मी वसाहतीतल्या एकेका गेटवर जाऊन उभी राहायचे. "शिक्षण किती?" असं वॉचमन विचारायचा आणि सातवी म्हटलं की माझ्याकडं बघायचंच सोडून द्यायचा. मामांनी तसं केलं नाही. त्यांनी खिशातला पेन्सिलीचा तुकडा दिला, एक फळी पुढं सरकवली आणि म्हणाले, "लिही काहीतरी." मी माझ्या गावाचं नाव लिहिलं.

"अक्षर तर तलाठ्यापेक्षा बरं हाय," मामा म्हणाले. मग शेठकडं नेऊन त्यांनी सांगितलं, "ही पोरगी माझ्या जिम्म्यावर घ्या."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. कामावर असताना कधी पाठ टेकायचं मनात आलं तरी ते वाक्य मला उठवायचं. परक्या गावात आपल्यासाठी कुणी जिम्मा घेतलाय, तो आपल्या हातून बुडू नये, एवढीच धास्ती.

त्यानंतर वर्षभरानं सापळे आले. कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी शेठला विचारून आमच्याकडं चार सापळे टांगले. काळी नरसाळी एकाखाली एक, अशी माळ, आणि तळाला एक डबी. मधल्या नरसाळ्यात एक छोटी पुडी अडकवलेली. त्या पुडीला वास होता, पण कसला ते सांगता येत नाही. ताज्या चिरलेल्या लाकडावर कुणी स्पिरिट सांडावं, तसा काहीसा.

मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. लाकूड पोखरणारा भुंगा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा, काळपट, डोकं मानेखाली दडवलेला. त्यातल्या नराला चांगलं लाकूड सापडलं की तो एक वास सोडतो. त्या वासावर बाकीचे येतात, माद्या येतात, अंडी घालतात, आणि लाकडाचं पीठ व्हायला लागतं. तोच वास माणसानं प्रयोगशाळेत बनवून पुडीत भरलाय. काळ्या भुंग्याला वाटतं आपल्यातला कुणीतरी बोलावतोय, म्हणून तो येतो आणि नरसाळ्यातून घसरून डबीत पडतो.

"आणि ताई, त्याच वासावर हाही येतो," असं म्हणून त्यांनी दुसरं चित्र दाखवलं. मुंगीसारखा लांबट, तांबडा, पाठीच्या काळ्या भागावर पांढरट पट्टा. "हा शिकारी. हा त्या काळ्यांना खातो. काळ्यांचा वास म्हणजे ह्याचं जेवण कुठंय त्याचा पत्ता. हा आपला मित्र. दोन्हींवर लक्ष ठेवायचं, बरं का."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर अर्धं समजलं होतं. परत विचारावं तर सातवीवालीला काय कळणार असं त्यांना वाटेल, म्हणून विचारलं नाही.

मॅडम गेल्यावर मामांनी सापळ्याभोवती एक चक्कर मारली. त्यांच्या घरी कपाशी असते. ते म्हणाले, "हे तर आपले कामगंध सापळे. बोंडअळीला आम्ही लावतोच की शेतात. त्यात बोंडअळीचे पतंग तेवढे मोजायचे, बाकी काय चिलटं-माशा पडल्या त्या झटकून द्यायच्या. तू काळे मोज."

"आणि तांबडे, मामा?"

"मित्र हायेत म्हणल्या ना मॅडम? मग मित्राची कशाला नोंद? सोडून द्यायचे."

त्यांनी स्वतः पट्टीनं रजिस्टर आखलं. तारीख, सापळा नंबर, काळे भुंगे, सही. सहीचा रकाना त्यांचा होता. दर सोमवारी साडेनऊला मी डब्या उघडायच्या, वर्तमानपत्रावर ओतायच्या, बारीक ब्रशनं बाजूला करून मोजायचं, लिहायचं, मामांची सही घ्यायची आणि पानाचा फोटो मॅडमना पाठवायचा. असं ठरलं.

काळे निघायचे नाहीत. शून्य, शून्य, शून्य, शून्य. मला ते चार गोल आकडे फार आवडायचे. तांबडे मात्र निघायचे, कधी दोन, कधी पाच, एकदा नऊ. मी ते कागदावर अलगद घेऊन भिंतीपलीकडच्या बाभळीवर झटकून यायचे. कुणाचा जीव घेतला नाही, याचं समाधानही वाटायचं.

खिळे ठोकायच्या टेबलावर दौलताबादकडची एक बाई होती, जिभेची तिखट. ती मला नावानं कधी बोलवायची नाही. "ए गडचिरोली, आज किती पाहुणे आले?"

"एकही नाही जी."

"मग पुडीतलं अत्तर कमी पडतंय. शहागंजातून चांगलं आण, बघ कसे रांग लावतात." आणि माझ्या 'जी'ची नक्कल करून सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचे.

एकदा वडापच्या जीपमधून घरी येताना एक तांबडा भुंगा माझ्या ओढणीतून निघून मानेवर चढला. शेजारच्या बाईनं दाखवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. भुंग्याला मी भीत नव्हते, भीती त्या वासाची होती. हातमोजे न घालता मी पुड्या बदलल्या होत्या. वास माझ्या अंगाला लागला होता, आणि मला तो येतही नव्हता. आपल्याला न कळणारं काहीतरी आपण अंगावर घेऊन फिरतोय आणि भलत्याच कुणाला तरी ते स्वच्छ कळतंय, हे मला फार विचित्र वाटलं. त्या दिवसापासून कुठल्याही पुडीला मी हातमोज्याशिवाय हात लावला नाही.

असे अकरा सोमवार गेले.

बाराव्या सोमवारी, डब्या उघडून, शून्यं लिहून, सही घेऊन झाल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी फोन बघितला. मॅडमनी सापळे सांभाळणाऱ्या सगळ्यांना आवाजी निरोप पाठवला होता. आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी त्यांचे सापळे होते. मी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकायला लागले.

"काही जणांनी विचारलंय, शिकारी भुंगे लिहायचे का. लिहायचेच. उलट ते आधी बघायचे. काळे भुंगे लाकडातच मजेत असतील तर ते बाहेर येत नाहीत, कारण आतून येणारा खरा वास आपल्या पुडीपेक्षा जोरदार असतो. पण शिकारी हुंगत फिरत असतो, तो आपल्याही सापळ्यात पडतो. तेव्हा काळा एकही नाही आणि तांबडे पडताहेत, असं दिसलं तर समजा की जवळपासच्या लाकडात कीड आहे. मला लगेच फोन करा."

मी तो निरोप तीन वेळा ऐकला. भाकरी तशीच डब्यात ठेवली.

अकरा आठवडे तांबडे मला सांगत होते आणि मी त्यांना बाभळीवर सोडून येत होते. नुकतीच लिहिलेली शून्यं तर अजून ओली असतील असं वाटलं. आणि शेडच्या मागच्या अंगाला, भट्टीतून काढलेल्या फळ्यांच्या थप्प्या होत्या. त्यांच्या पेट्या ठोकून, शिक्का मारून गुरुवारी कंटेनर जायचा होता.

मी मामांकडं गेले. ते भट्टीच्या दाराशी तापमानाचा कागद बघत बसले होते. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. निरोप संपला तरी ते कागदच बघत राहिले.

"माझ्या भट्टीतून जिवंत काय निघत नाय," ते म्हणाले. "छप्पन अंश, तीस मिनिटं. कागद बघ. एकबी घाणा कच्चा नाय."

"हो जी मामा. पण तांबडे..."

"बाहेरनं येत असतील. झाडंझुडपं काय कमी हायेत का?"

"मॅडमना विचारू का?"

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते घाबरलेले होते.

"आता विचारून काय करशील? बारा पानांवर सही माझी हाय. गुरुवारी गाडी जाऊ दे, पोरी. मग काय ते बघू. तोवर गप रहा."

मी गप राहिले. तो दिवस आणि मंगळवारची सकाळ मी गप राहिले. करवतीचा आवाज आला की बरं वाटायचं, कारण त्यात दुसरं काही ऐकू यायचं नाही. घरी आल्यावर खाट भिंतीपासून ओढून पायांखाली पीठ पडलंय का बघितलं. दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं. नवऱ्यानं विचारलं, काय हरवलं? मी म्हटलं, काही नाही. त्याला सांगावं तर तो म्हणणार, तुझं कामच मोजायचं, तू मोजलं नाहीस. ते खरंच होतं.

सांगितलं तर मामा जातात. ज्यांनी मला फळीवर लिहायला लावून आत घेतलं, ते माझ्याच तोंडानं जातात. नाही सांगितलं आणि बंदरात पेटी उघडली, तर मामा जातातच, शिवाय खिळेवाल्या बायका, करवतवाले, सगळेच जातात. मंगळवारी सकाळपर्यंत मी हाच हिशोब उलटा-सुलटा करत होते, आणि दर वेळी शेवटी मामाच जात होते.

मंगळवारी दुपारी वीज गेली. करवती थांबल्या, पंखे थांबले. सगळे हवेसाठी बाहेर गेले. माझा बाप जंगलातल्या लाकूड डेपोवर हमाल होता. कुठलाही ओंडका उचलायच्या आधी तो त्याला कान लावायचा. आम्ही पोरं हसायचो, तर म्हणायचा, आतलं खातंय की नाही ते ऐकतो. मी मागच्या थप्प्यांकडं गेले. पहिल्या थप्पीला कान लावला. काही नाही. दुसरीलाही काही नाही. तिसरी थप्पी भिंतीशी होती, खालच्या फळ्यांवर माझ्या बोटांना मऊ लागलं, पावडर लावल्यासारखं. मी गुडघ्यावर बसून कान टेकवला.

कुरतडल्याचा आवाज येत होता. अगदी बारीक, पण एका जागचा नव्हता. इथून, तिथून, थांबून परत. नखानं कुणी आतून दार खरवडावं तसा. मी हात मागं घेतला, पण कान काढवेना. असं वाटलं, की हे आवाज मला ओळखतात. मी लिहिलेल्या प्रत्येक शून्यामागं हे बसलेले होते.

थप्पीच्या पलीकडं, भिंतीलगत, साल न काढलेल्या कच्च्या फळ्या रचलेल्या होत्या. तीनेक महिन्यांपूर्वी जागा नव्हती म्हणून भट्टीत न गेलेला तो माल तात्पुरता तिथं ठेवला होता. मामांनीच ठेवायला सांगितला होता. तेव्हा मला सगळं कळलं. भट्टीची चूक नव्हती. भट्टीतून निघालेलं लाकूड ह्याच्या शेजारी आठवडेच्या आठवडे उभं होतं, आणि कच्च्यातले तापवलेल्यात शिरले होते.

मी बाहेर येऊन मामांना शोधलं. ते गेटजवळ शेठच्या ड्रायव्हरशी बोलत होते. त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मामा, एकदा चला. कान लावून बघा."

"तुला सांगितलं ना गप रहा म्हणून?"

"भट्टीची चूक नाही जी. शेजारच्या कच्च्या मालातून आलेत. तुम्ही या तरी."

ते आले नाहीत. मला वाटतं, त्यांना ऐकायचं नव्हतं, कारण ऐकलं की मग गप राहता आलं नसतं.

तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन मॅडमना फोन लावला. दोनदा भलताच नंबर लागला. मग मॅडमनी उचलला. "मॅडम, मी तांबडे लिहिलेच नाहीत," एवढंच पहिल्यांदा निघालं. त्यांनी विचारलं किती, कधीपासून, आणि मी आठवेल तसं सांगत गेले. त्या रागावल्या नाहीत. "उद्या सकाळी येते," म्हणाल्या, "तोवर त्या थप्पीला हात लावू नका."

फोन ठेवल्यावर मला मामांकडं जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. ते मी करायला हवं होतं. आज विचार करते तेव्हा फोनचं काही वाटत नाही, पण त्यांना आधी सांगितलं नाही ह्याची लाज अजून वाटते. बुधवारी सकाळी शेठ, मॅडम आणि कुऱ्हाड घेतलेला एक गडी असे तिघं मागच्या अंगाला चालताना मामांनी बघितले आणि मग माझ्याकडं बघितलं.

तिसऱ्या थप्पीची खालची फळी काढून गड्यानं उभी चिरली. आत बोगदेच बोगदे होते, पिठानं भरलेले. त्यात काळे, डोकं दडवलेले, आणि पांढऱ्या वळलेल्या अळ्या. मॅडमनी ब्रशच्या टोकानं एक तांबडासुद्धा दाखवला. तो एका बोगद्याच्या तोंडाशी बसला होता, आपल्या कामात. खिळेवाल्या बायका काम सोडून उभ्या राहिल्या होत्या. दौलताबादची बाईसुद्धा हातोडा खाली ठेवून बघत होती.

"रजिस्टर आणा," शेठ म्हणाले.

मी आणलं. त्यांनी पानं उलटली. सगळी शून्यं. माझं अक्षर, मामांची सही.

"तांबडे निघत होते ना? मग लिहिले का नाहीत?"

"माझी चूक आहे जी," मी म्हटलं.

मामा पुढं आले. "मी सांगितलं तिला. रेघा मी मारल्यात, रकाना मी ठेवला नाय. कपाशीतली सवय. आणि कच्चा माल इथं मीच लावला." मग म्हणाले, "तिनं परवाच मला सांगितलं होतं. मी गप बस म्हणलो."

ते सांगायची त्यांना गरज नव्हती. मला तर ते कधीच बाहेर यायला नको होतं. शेठनी रजिस्टर मिटलं आणि मॅडमशी बोलायला लागले. कंटेनर थांबवला. सगळी थप्पी परत भट्टीत गेली, पोखरलेलं लाकूड जाळलं, कच्चा माल हलवून शेडच्या बाहेर दूर नेला. गाडी आठ दिवस उशिरा गेली आणि परत आली नाही. कुलूप लागलं नाही.

मामांना कामावरून काढलं नाही. भट्टी काढून घेतली. आता ते गेटवर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करतात. भट्टीवर डिप्लोमा झालेला एक मुलगा आलाय. सापळे माझ्याकडंच राहिले. नवं रजिस्टर मॅडमनी मला स्वतः आखायला लावलं, त्यात तांबड्यांचा रकाना आधी आहे.

पहिले दोन आठवडे मामा माझ्याशी बोलले नाहीत. मी गेटमधून जाताना नमस्कार करायचे, ते गाडीचा नंबर लिहीत असायचे, गाडी नसली तरी. तिसऱ्या सोमवारी मी डब्या मोजून ऑफिसकडं निघाले होते. गेटवरून आवाज आला.

"आज किती?"

मी थांबले. इतकी घाबरले की आकडा परत कागदावर बघावा लागला. "दोन नंबरला तीन तांबडे, मामा. काळा एकही नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. दोन नंबरचा सापळा कुठं टांगलाय ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. शनिवारी आलेल्या नव्या मालाच्या थेट वर.

"मग ऑफिसकडं काय निघालीस?" ते म्हणाले. "आधी जा, कान लाव."